अंगणातला संग्रामदुर्ग

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला, की पिंपरी-चिंचवडच्या गल्ल्यांमध्ये मुलं विटांचे तुकडे गोळा करत हिंडू लागतात. चिंचवड गावठाणातल्या जुन्या घराचा कोपरा, प्राधिकरणातल्या बंगल्याच्या फाटकाजवळची जागा, थेरगावच्या चाळीपुढचा ओटा, मोशी-चिखलीच्या सोसायटीतलं पार्किंग, जिथे चार हात मोकळी जमीन मिळेल तिथे दगड येऊन पडतात. एक जण किराणा दुकानातून गोणपाट मागून आणतो, एक जण आजीकडून मूठभर हळीव घेतो आणि एक जण माळ्यावरचं खोकं खाली काढतो. त्या खोक्यात गेल्या वर्षीची चित्रं असतात. मावळे, तोफा, वाघ, डोक्यावर घडा घेतलेली गवळण आणि सिंहासनावर बसलेले महाराज, या सगळ्या छोट्या मूर्तींना पुण्याकडे 'चित्रं' असंच म्हणतात. कागदात गुंडाळून ठेवलेल्या एखाद्या मावळ्याचा हात मोडलेला निघतो. त्याला डिंक लावून तटाच्या आड उभं करतात, म्हणजे मोडलेला हात दिसत नाही.

दिवाळीचा किल्ला एकट्याचा कधीच नसतो. दगड उचलायला मोठी मुलं लागतात, माती मळायला लहान मुलं आपणहून पुढे येतात आणि पायऱ्या कापायला कोणीतरी स्थिर हाताचं लागतं. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. इथे घरातली मोठी माणसं पाळीत काम करतात. पहिल्या पाळीचे वडील दुपारी घरी येऊन बुरूज रचून देतात, दुसऱ्या पाळीचे काका निघण्याआधी पाणी शिंपडून जातात आणि रात्रपाळीची मावशी उजाडता उजाडता परत येते तेव्हा हळिवाला मोड आला का, हे सगळ्यांत आधी तिलाच दिसतं. चार-पाच दिवस एकाच ढिगाऱ्यावर सगळ्यांचे हात फिरतात. एरवी ज्या घरात सगळे एका वेळी जेवायला बसत नाहीत, त्या घराचंही या मातीत एकत्र काम होतं.

हा किल्ला बहुतेक वेळा रायगड, राजगड, प्रतापगड किंवा सिंहगड असतो. मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले आणि सहलीत पाहिलेले हे गड आहेत, ते करावेतच. चाकणचा संग्रामदुर्ग मात्र मी अंगणात क्वचितच पाहिला आहे. ज्या मुलांच्या आईवडिलांची बस रोज चाकणच्या चौकातून जाते, त्या मुलांच्याही अंगणात तो नसतो. तो यायला हवा. का आणि कसा, हे सांगण्यासाठी हे प्रकरण आहे.

डोंगर शंकूसारखा नसतो

आधी नेहमीच्या डोंगरी किल्ल्याकडे पाहू. बहुतेक मुलं मधोमध दगड रचून त्यावर गोणपाट टाकतात आणि वरून चिखल थापतात. तयार होतो तो शंकू, म्हणजे रवाळ साखरेची रास. सह्याद्री असा दिसत नाही. लोहगड-विसापूरकडे तळेगावच्या बाजूने नजर टाकली, तर डोंगर पायऱ्यांचा दिसतो. उभा काळा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा उतार, पुन्हा कडा. त्याचं कारण दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि त्याचे थर एकावर एक साचले. काही थर घट्ट आणि कठीण बसाल्टचे झाले, काही सच्छिद्र आणि मऊ. ऊन-पावसाने मऊ थर लवकर झिजले आणि तिथे उतार व सपाट्या तयार झाल्या. कठीण थर टिकले, त्यांचे कडे झाले. आपल्या दुर्गकारांनी या कड्यांनाच तट मानलं आणि सपाटीवर माच्या बांधल्या. जिथे निसर्गाने कडा दिला नव्हता, तिथेच त्यांनी दगडी तटबंदी घातली.

म्हणून अंगणात गिरिदुर्ग करायचा तर विटा शंकूसारख्या न रचता थरांनी रचाव्यात. खाली रुंद थर, त्यावर थोडा आत घेतलेला दुसरा, मग तिसरा. प्रत्येक थराची कड उभी ठेवावी, तिथे चिखल कमी थापावा, म्हणजे कातळकडा दिसतो. थरांमधल्या सपाट जागेवर माती जास्त घ्यावी, कारण तिथेच हिरवळ उगवायची आहे. सगळ्यांत वरची सपाटी हा बालेकिल्ला. एवढं केलं तरी अंगणातला डोंगर एकदम सह्याद्रीतला वाटू लागतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत आपला लोहगड आहे. त्याची विंचूकाटा माची डोंगराच्या सोंडेसारखी लांब आणि चिंचोळी बाहेर आलेली आहे. दोन-तीन विटा एका ओळीत पुढे काढल्या, की ती माची होते.

माती आणि हळीव

काळी माती किल्ल्याला वाईट. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. दिवाळीच्या आधी ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, त्यामुळे वसुबारसेला गुळगुळीत दिसणारा बुरूज पाडव्यापर्यंत भेगाळतो. लाल माती किंवा बारीक चाळलेला मुरूम घ्यावा. रोपवाटिकेत कुंड्यांसाठी लाल माती आणि पोयटा पोत्याने मिळतो. नव्या इमारतीच्या पायातून निघालेला मुरूम मागितला तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. झाडाच्या बुंध्याची किंवा नदीकाठची माती मात्र उकरू नये, तिथे तिचं काम चालू असतं.

माती चाळून आदल्या रात्री भिजवून ठेवावी. सकाळी तिच्यात बारीक चिरलेला पेंढा किंवा साळीचं तूस मिसळावं. मावळात दिवाळीच्या सुमाराला भाताची कापणी चालू असते, त्यामुळे पेंढा सहज मिळतो. जुन्या घरांच्या मातीच्या भिंतीत जे काम भुशाचं, तेच इथे पेंढ्याचं. वाळताना माती आक्रसू पाहते तेव्हा पेंढ्याचे धागे तिला ओढून धरतात आणि मोठी भेग पडत नाही.

पाण्याचं प्रमाण हाताने ठरवायचं असतं. कोरडी माती ओतली तर तिची रास एका ठरावीक उताराच्या पुढे उभी राहत नाही, घसरते. थोडं पाणी घातलं की कणांच्या मध्ये पाण्याचे पातळ पूल तयार होतात, ते कणांना एकमेकांकडे ओढतात आणि माती उभी भिंत धरते. पाणी जास्त झालं, की कणांमधली हवेची जागा भरून जाते, ती ओढ संपते आणि भिंत बसते. मुठीत घेतलेला गोळा दाबल्यावर आकार धरतो पण बोटांमधून पाणी येत नाही, इतकी ओल पुरे. हे सूत्र आठ वर्षांच्या मुलाला एकदा हाताने कळलं, की पुढे भौतिकशास्त्राच्या तासाला पृष्ठताण हा शब्द त्याला परका वाटत नाही.

हिरवळीसाठी सपाटीवर गहू, नाचणी किंवा मोहरी चालते. उतारावर मात्र हळीवच लागतो, आणि आज्या उगाच हळीव देत नाहीत. हळिवाचं बी भिजलं की त्याच्याभोवती बुळबुळीत, चिकट थर तयार होतो. हळिवाची खीर करताना तो आपण पाहतोच. त्या चिकटपणामुळे बी कड्याच्या तिरप्या अंगालाही धरून राहतं, पाण्याबरोबर वाहून जात नाही. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरून वर ओलं फडकं टाकावं, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं, ओतू नये. मोड दिसले की फडकं काढावं. मग रोपं उजेडाकडे वळतात आणि दोन दिवसांत डोंगर हिरवा होतो.

दुसऱ्या देशातला दिवा

याच दिवसांत हिंजवडी-वाकडच्या काही सोसायट्यांमध्ये भोपळेही कोरले जातात. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी भोपळ्याला डोळे, नाक, दात काढून आत दिवा ठेवायचा, ही अमेरिकेची रीत परदेशी राहून आलेल्या घरांनी आणि चित्रपटांनी इकडे आणली. २०२४ साली तर हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली होती. या भोपळ्याची गोष्ट आपल्या कामाची आहे.

हॅलोविनचा दिवा मुळात भोपळ्यात नव्हता. आयर्लंडमध्ये लोक सलगम पोखरून त्याला भेसूर चेहरा कोरायचे आणि आत निखारा किंवा मेणबत्तीचा तुकडा ठेवायचे. तो तिथे पिकणारा कंद होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ आला आणि लाखो लोक अमेरिकेला गेले. तिथे त्यांना भोपळा मिळाला. तो मूळचा अमेरिका खंडातलाच. सलगमापेक्षा कितीतरी मोठा, कोरायला सोपा आणि आतून आधीच पोकळ. रीत जुनी राहिली, वस्तू नव्या जमिनीची आली. घरातली सगळी माणसं टेबलाभोवती बसून हाताने बिया काढतात, मोठी माणसं सुरी चालवतात, लहान मुलं चेहरा कसा असावा ते सांगतात. आठवड्याभरात भोपळा सडतो आणि खतात जातो. पुढच्या वर्षी पुन्हा नवा.

आपल्या किल्ल्याचा आणि या भोपळ्याचा पिंड एकच आहे. दोन्ही शरद ऋतूतल्या, रात्री लांबत जाणाऱ्या दिवसांतले. दोन्ही हाताने करायचे, दिव्याने उजळायचे आणि मोडायचे. आयरिश माणसाने नव्या देशात गेल्यावर पायाखालच्या जमिनीने जे दिलं ते हातात घेतलं. आपल्यालाही तेच करायचं आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जे राहतात, त्यांच्या पायाखाली चाकणची जमीन आहे आणि तिच्यावर एक किल्ला आहे.

चाकणचे छप्पन्न दिवस

चाकण पुण्याच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर आहे. आज तिथे मोटारींचे आणि मोटारसायकलींचे कारखाने आहेत, आणि ज्या कारणाने कारखाने आले त्याच कारणाने किल्लाही आला होता. हे गाव वाटेवर आहे. जुन्नर, अहमदनगर आणि घाटवाटा यांच्याकडून पुण्याकडे येणारा माल आणि फौज इथूनच यायची. पंधराव्या शतकात बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार याने कोकणातल्या मोहिमेसाठी आपला तळ चाकणलाच केला होता. पुढे शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळात इथले किल्लेदार फिरंगोजी नरसाळा स्वराज्यात सामील झाले आणि महाराजांनी किल्ला त्यांच्याकडेच ठेवला.

१६६० साली औरंगजेबाचा मामा शाएस्ताखान पुण्यात येऊन बसला. त्याला अहमदनगरकडून रसद हवी होती आणि त्या वाटेवर चाकण होतं. २१ जून १६६० रोजी त्याची हजारोंची फौज चाकणपुढे उभी राहिली. किल्ल्यात काही शेकडा माणसं होती. त्या वेळी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. जुलैच्या मध्यावर ते तिथून निसटून विशाळगडाला पोहोचले, वाटेत बाजीप्रभूंनी खिंड लढवली. चाकणला बाहेरून मदत येणं अशक्य होतं, आणि फिरंगोजींना ते ठाऊक होतं.

पावसाळा सुरू झालेला होता. मोगलांनी चारही बाजूंनी मोर्चे बांधले, तोफांसाठी मातीचे चौथरे उभे केले. पावसाने खंदक भरले, मोर्च्यांत चिखल झाला, दारू ओली होऊ लागली. किल्ल्यातून तोफांचा आणि बंदुकांचा मारा चालूच होता. तट तोफेने पडत नाही असं दिसल्यावर खानाने सुरुंग खणायला घेतला. जमिनीखालून बोगदा काढत ईशान्य कोपऱ्याच्या बुरुजाच्या पोटात न्यायचा, तिथे दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. १४ ऑगस्टला दुपारी सुरुंग उडाला. बुरूज त्याच्यावरच्या माणसांसकट आकाशात गेला आणि मोगल त्या खिंडाराकडे धावले.

खिंडारापाशी पोहोचल्यावर त्यांना दिसलं, की आत मातीचा उंच बांध उभा आहे. पडलेल्या भागामागे मराठ्यांनी तो घातला होता. त्या बांधाआडून दगड, बाण, बंदुका आणि दारूचे गोळे यांचा असा मारा झाला, की त्या दिवशी मोगलांना पुढे सरकता आलं नाही. रात्र त्यांनी तिथेच, जिंकलेल्या तेवढ्या जमिनीवर काढली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, पुन्हा हल्ला झाला तेव्हा तट गेला. उरलेली माणसं आतल्या गढीत मागे हटली आणि राव भावसिंह हाडा या राजपूत सरदाराच्या मध्यस्थीने किल्ला खाली झाला. मोगलांची २६८ माणसं मेली आणि ६०० जखमी झाली. खानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. ती त्यांनी नाकारली आणि ते महाराजांकडे परत गेले. पुढे महाराजांनी त्यांना भूपाळगडाची किल्लेदारी दिली.

पहिला आणि शेवटचा दिवस धरून ५६ दिवस. डोंगराचा आधार नसलेल्या, सपाट जमिनीवरच्या एका छोट्या कोटाने एवढा वेळ घेतला. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांवर असे किती गड होते आणि त्यांना किती वर्षं लागली असती, याचा हिशेब खानाला तिथेच करता आला असणार. तो पुण्याला परतला आणि लाल महालात राहिला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी तिथे शिरून त्याची बोटं तोडली, ती गोष्ट प्रत्येक मुलाला येते. चाकणची गोष्ट तिच्याआधीची आहे आणि तीही यायला हवी.

या लढाईतला मला सगळ्यांत जवळचा वाटणारा भाग म्हणजे तो मातीचा बांध. दगडी बुरूज उडाला, तेव्हा एक दिवस लढवला तो ओल्या मातीने. पावसात भिजत, डोक्यावरून पाट्या वाहून ती कोणीतरी थापली होती. दिवाळीत मुलं जे करतात, तेच काम.

इंचाला दहा फूट

आता बांधायला घेऊ. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने चाकणचं नेमकं वर्णन दिलं आहे. किल्ला जवळजवळ चौरस. कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर बुरूज. भोवती ३० फूट रुंद आणि १५ फूट खोल खंदक, त्यात पाणी फक्त उत्तर बाजूला. आत जायची वाट एकच, पूर्वेकडून, आणि ती पाच-सहा दरवाजांमधून जाते. त्याच्या पलीकडे मातीचा बाहेरचा कोट आणि त्यालाही खंदक. नकाशा काढायला एवढं पुरेसं आहे.

आधी माप ठरवा. नेहमीच्या किल्ल्यात हीच चूक होते. चित्रातला मावळा तीन इंचांचा असतो आणि त्याच्या शेजारचा दरवाजा दोन इंचांचा, म्हणजे किल्ल्यात शिरायला मावळ्याने रांगलं पाहिजे. तीन इंचांचा मावळा साडेपाच फुटांचा माणूस धरला, तर एक इंच म्हणजे साधारण २२ इंच होतात. त्या मापाने चाकणचा खंदक १६ इंचांहून रुंद होईल, आणि एवढी जागा फ्लॅटच्या गॅलरीत नसते. म्हणून एक इंचाला दहा फूट हे माप घ्यावं. खंदक तीन इंच रुंद, दीड इंच खोल. माणूस जेमतेम अर्ध्या इंचाचा. आगपेटीतल्या काडीचं गूल काढून टाकलं आणि तिचे चार तुकडे केले, की चार मावळे तयार. सिंहासनावरचे महाराज आणि मोठी चित्रं किल्ल्याच्या बाहेर, मानाच्या वेगळ्या चौथऱ्यावर मांडावीत.

जमीन नसेल तर खोकं घ्या. या पट्ट्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नाही. सुट्या भागांची जाड पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी पॅलेट बहुतेक कारखान्यांच्या आवारात पडलेली असतात. रीतसर विचारून आणावीत. पॅलेटवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यावर तीन इंच माती पसरून दाबली, की किल्ल्याची भूमी झाली. पॅलेट असल्याने फरशीला ओल लागत नाही आणि शेजारची तक्रार येत नाही.

मातीवर सुतळीने चौरस आखा आणि होकायंत्राने किंवा सकाळच्या उन्हाने दिशा ठरवा. दिशा महत्त्वाच्या आहेत, कारण दरवाजा पूर्वेलाच हवा आणि पाणी उत्तरेलाच. चौरसाच्या बाहेर तीन इंचांची पट्टी खणून खंदक करा. खंदकातून निघालेली माती फेकू नका. तीच आत तटासाठी वापरा. भुईकोट असाच होतो, खड्डा आणि भिंत एकाच मातीतून. उत्तर बाजूच्या खंदकात प्लॅस्टिकची पट्टी टाकून पाणी भरा, बाकी तीन बाजू कोरड्या. तटाच्या आत विटांचे लहान तुकडे घालून वरून माती थापा. आठ बुरूज करायचे, चार कोपऱ्यांना आणि चार मध्यावर. त्यासाठी पुठ्ठ्याच्या नळ्या चालतात. बुरूज तटाच्या थोडा बाहेर यायला हवा. तसा असेल तरच त्याच्यावरच्या माणसाला तटाच्या पायथ्याशी आलेला शत्रू दिसतो. मुलांना हे बोटाने दाखवा. एक काडी तटावर ठेवा, एक पायथ्याशी, आणि डोळा काडीच्या उंचीवर आणून पाहायला सांगा. बुरूज का असतो, हे एका मिनिटात कळतं.

पूर्वेची वाट सरळ ठेवू नका. एकापाठोपाठ पाच दरवाजे करा आणि मध्ये वळणं द्या, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही. दरवाजे आइसक्रीमच्या काड्यांचे करता येतात. बाहेरचा मातीचा कोट दीड इंच उंचीचा पुरे. ईशान्य कोपऱ्याचा बुरूज मात्र सुटा करा, काढता येईल असा, आणि त्याच्या आत आधीच मातीचा बांध घालून ठेवा. भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळे जमले, की एकाने लढाईची गोष्ट सांगायची. २१ जूनपासून सुरू करून १४ ऑगस्टपर्यंत यायचं आणि त्या क्षणी बुरूज उचलायचा. आतला बांध दिसतो. पाहणारी मुलं त्या वेळी श्वास रोखून धरतात. सुरुंगासाठी फटाका लावू नये. मातीचे खडे डोळ्यात उडतात, आणि इतके दिवस राखलेला किल्ला त्यासाठी कशाला मोडायचा?

पणत्या तटावर ठेवल्या तर माती तडकते आणि पेंढा पेट घेऊ शकतो. त्या खंदकाच्या बाहेरच्या कडेला एका ओळीत लावाव्यात. तिथून तटाच्या सावल्या आत पडतात आणि किल्ला जास्त उंच दिसतो.

प्रत्येकाच्या गावचा कोट

भुईकोट करायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. या पट्ट्यातली निम्मी दारं वाजवून गाव विचारलं, तर लातूर, नांदेड, धाराशिव, सोलापूर, अहिल्यानगर अशी नावं येतात. कामासाठी आलेल्या या घरांत दिवाळीला किल्ला करण्याची रीत असेलच असं नाही. मुलं शाळेतल्या मित्रांचं पाहून हट्ट धरतात आणि आईवडिलांना वाटतं, की गड-किल्ले म्हणजे पुण्याकडची गोष्ट. तसं मुळीच नाही. सपाट मुलुखातले मोठे भुईकोट याच लोकांच्या गावांकडे आहेत. लातूर जिल्ह्यात औसा आणि उदगीर, नांदेडमध्ये कंधार, धाराशिवमध्ये परंडा आणि नळदुर्ग, सोलापूर आणि अहिल्यानगर इथे तर शहरांतच कोट आहेत. नळदुर्गात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी कोसळतं. अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) कोटात १९४२ पासून पंडित नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते कैदेत होते.

औशाहून आलेल्या वडिलांना आपल्या मुलाबरोबर मातीत हात घालून सांगता येईल, की आमच्या गावचा खंदक असा होता, आम्ही इथून आत जायचो. चाकणच्या शेजारी औसा, त्याच्या शेजारी परंडा, आणि पलीकडे तळेगाव-चाकण रस्त्यावरचा, इंद्रायणीच्या काठचा दाभाड्यांचा इंदुरीचा कोट, असे चार कोट एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे राहिले, तर कोण कुठून आलं हे वेगळं विचारावं लागणार नाही. किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी 'आमच्या गावचा भुईकोट' असा एक गट ठेवावा. त्याला वेगळा खर्च नाही.

तुळशीचं लग्न झालं की किल्ला उतरवायचा. चित्रं पुसून खोक्यात, विटा जिन्याखाली, खोकी रद्दीत. माती कुंड्यांत जाते, तिच्यात पेंढा आणि हळिवाची मुळं मिसळलेली असल्याने ती आधीपेक्षा चांगलीच झालेली असते. तयार रंगवलेले प्लॅस्टरचे किल्ले दुकानात मिळतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. म्हणूनच ते घेऊ नयेत. किल्ला दर वर्षी नव्याने करावा लागतो, म्हणून तो दर वर्षी थोडा जास्त समजतो.

संग्रामदुर्ग आजही चाकण गावात आहे. त्याचे काही बुरूज आणि तटाचे भाग उभे आहेत, खंदकाच्या खुणा दिसतात आणि आत विष्णूचं जुनं देऊळ आहे. गाव त्याच्या अगदी अंगाला येऊन भिडलं आहे. दिवाळीआधीच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. ईशान्य कोपरा कुठे असेल ते सूर्याकडे पाहून त्यांना शोधू द्या, तटाच्या कडेने चालून पावलं मोजू द्या आणि ते माप वहीत लिहून घ्या. घरी येऊन मग माती भिजत घाला.